बीजिंगच्या सहलीतून राजविद्यापीठ वगळू नका

प्रति,
चीनच्या सहली काढणाऱ्या मराठी सहल-कंपन्या, त्यांचे टूर मॅनेजर आणि सहलीचे कार्यक्रम आखणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

२०२० पासून बंद असलेली भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि चीनच्या सहलींची पत्रके पुन्हा निघू लागली. बीजिंगचे तीन दिवस बहुतेक पत्रकांत सारखेच असतात. चिनी भिंत, निषिद्ध नगरी, स्वर्ग मंदिर, उन्हाळी राजवाडा, रेशमाचे दुकान, मोत्यांचे किंवा जेडचे दुकान, संध्याकाळी कसरतींचा शो. काही कंपन्या लामा मंदिरही दाखवतात. त्या मंदिरातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की पॅगोडा-वृक्षांच्या सावलीतली एक गल्ली लागते. तिच्या तोंडाशी रंगवलेली लाकडी कमान आहे. गल्लीत चालत पाच-सात मिनिटांवर दोन आवारे भिंतीला भिंत लावून उभी आहेत : पूर्वेला कन्फ्यूशियसचे मंदिर आणि पश्चिमेला ‘ग्वोत्सज्येन’, म्हणजे युआन, मिंग आणि छिंग या तीन राजवटींचे राजविद्यापीठ. आपली बस या गल्लीच्या तोंडावरून पुढे निघून जाते.

आम्ही चिनी भाषा शिकणारे, शिकवणारे आणि दुभाष्याचे काम करणारे लोक आहोत. ज्या लिपीवर आणि ज्या ग्रंथांवर आमचे काम उभे आहे, त्यांचे फार मोठे दगडी दफ्तर या दोन आवारांत आहे. दीड-दोन लाख रुपये भरून बीजिंगला गेलेल्या मराठी माणसाला त्याच्या दारापर्यंत नेऊन परत आणले जाते, हे आम्हाला मान्य नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत, म्हणजे सहलीला जाणाऱ्यांनाही ते वाचता येईल.

आमची पहिली आणि मोठी तक्रार वगळण्याचीच आहे. ‘वेळ नसतो’ हे कारण आम्हाला पटत नाही. मंदिर आणि विद्यापीठ मिळून नीट पाहायला अडीच तास पुरतात. तेवढाच वेळ एका रेशीम-दुकानात जातो, आणि भारतीय जेवणासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येण्यातही जातो. १ ऑक्टोबर २०१३ पासून लागू असलेल्या चीनच्या पर्यटन कायद्याने स्वस्त सहलीचे आमिष दाखवून दुकानांच्या कमिशनवर नफा काढण्याला बंदी घातली आहे. तरीही ज्या कार्यक्रमात तीन दुकाने बसतात, त्यात हे आवार का बसू नये, याचे उत्तर आपण प्रवाशांना द्यावे.

‘तिथे पाहण्यासारखे काय आहे, नुसते दगड आहेत’ असेही कारण दिले जाते. ते दगड काय आहेत ते सांगतो.

मंदिर १३०२ मध्ये बांधायला घेतले आणि १३०६ मध्ये पुरे झाले. विद्यापीठाचे हे आवारही १३०६ चेच. ‘डावीकडे मंदिर, उजवीकडे शाळा’ असा जुना चिनी दंडक आहे. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले की पूर्व डाव्या हाताला येते, म्हणून मंदिर पूर्वेला. मंदिराच्या पुढच्या अंगणात १९८ उभ्या शिळा आहेत : ३ युआन काळातल्या, ७७ मिंग, ११८ छिंग. साम्राज्याची सर्वोच्च परीक्षा उतरलेल्यांना ‘जिनशी’ म्हणत. त्या जिनशींची ५१,६२४ नावे या शिळांवर कोरलेली आहेत. एका परीक्षेची तुकडी एका शिळेवर, १९०४ च्या शेवटच्या परीक्षेपर्यंत. जवळजवळ सहा शतकांचा निकालपट दगडात उभा आहे, आणि त्यात राजकुळातल्यांबरोबर खेड्यापाड्यांतून आलेल्यांचीही नावे आहेत. नावापुढे प्रांत आणि जिल्हा लिहिलेला असतो. म्हणून आजही चिनी लोक आपल्या गावचे नाव शोधत या शिळांमधून हिंडतात.

ही शिळा वाचायला चिनी यावे लागत नाही. थोडी ओळख करून दिली की पुरते. मजकूर वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातो. आरंभी राजाज्ञा आणि वर्ष, म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचे नाव आणि त्या कारकिर्दीतले कितवे साल. मग नावे तीन श्रेणींत. मिंग आणि छिंग काळात पहिल्या श्रेणीत कायम तिघेच असत : पहिला ‘च्वांगयुआन’, दुसरा ‘बांगयान’, तिसरा ‘थानह्वा’. त्यानंतर दुसऱ्या श्रेणीतले आणि शेवटी तिसरीतले. श्रेणी ज्या अक्षरांनी दाखवतात ती तीन-चार अक्षरे कागदावर मोठी काढून प्रवाशांच्या हाती दिली, तर दहा मिनिटांत ती त्यांना स्वतःला शोधता येतात. कोरीव काम उथळ आहे आणि बरेच झिजलेले आहे. त्यामुळे ऊन तिरपे असताना, सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर अक्षर उठून दिसते. भर दुपारी बाराला नेले तर समोर सपाट करडा दगड दिसेल, आणि मग ‘नुसते दगड आहेत’ हे वाक्य खरे वाटेल.

या नावांत मराठी माणसाने थांबून पाहावी अशी दोन तरी आहेत. १८११ च्या तुकडीत, दुसऱ्या श्रेणीत चौथ्या क्रमांकावर, फूज्येन प्रांतातल्या होउग्वान जिल्ह्याचा लिन त्सशू आहे. जून १८३९ मध्ये कॅंटनजवळच्या हूमन इथे खड्ड्यांत पाणी, मीठ आणि चुना टाकून २० हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट करवणारा तो हाच. त्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून गेला होता. १९ व्या शतकातल्या मुंबईच्या भरभराटीत या व्यापाराचा पैसा आहे. मुंबईहून निघालेल्या सहलीने या शिळेसमोर पाच मिनिटे थांबू नये, याचे आम्हाला मनापासून दुःख होते. दुसरे नाव १६०४ च्या तुकडीतल्या शू ग्वांगछीचे. त्याने मात्तेओ रिची या जेझुइट पाद्र्याबरोबर युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके चिनीत आणली, ती १६०७ मध्ये प्रसिद्ध झाली. हा रिची चीनला जाण्याआधी १५७८ मध्ये गोव्यात उतरला होता आणि तिथे धर्मशास्त्र शिकला होता. गोव्याच्या प्रवाशाला याहून जवळचा धागा बीजिंगमध्ये क्वचितच सापडेल.

मंदिर आणि विद्यापीठ यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत आणखी १८९ शिळा ओळीने उभ्या आहेत. त्यांवर कन्फ्यूशियन परंपरेचे १३ मूळ ग्रंथ पूर्ण कोरलेले आहेत, सुमारे ६ लाख ३० हजार अक्षरे. ज्यांग हंग नावाच्या एका माणसाने हा सगळा मजकूर १७२६ ते १७३७ अशी १२ वर्षे बसून एकट्याने, एकसारख्या हातात लिहिला. दगडावर तो छ्येनलोंग बादशहाच्या काळात, १७९१ ते १७९४ मध्ये उतरला. ग्रंथ दगडावर कोरण्यामागे सरळ हिशेब होता. हाताने नकला करताना अक्षरे चुकतात, चुकलेल्या अक्षरावरून अर्थ चुकतो, आणि परीक्षा त्याच अर्थावर बेतलेली असते. वाद झाला की दगडाशी ताडून पाहायचे. पूर्वी या शिळा विद्यापीठाच्या वर्गांत होत्या, १९५६ मध्ये आजच्या जागी हलवल्या.

दुसरी तक्रार चुकीच्या माहितीची आहे. जे थोडे गट इथे येतात, त्यांना सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी साफ चुकीच्या आहेत, आणि त्या पुढे व्हॉट्सॲपवरून घरोघरी जातात.

‘इथे कन्फ्यूशियस शिकवत असे’ हे खरे नाही. तो इ. स. पू. ५५१ ते ४७९ या काळातला आणि आजच्या शांतुंग प्रांतातल्या छ्यूफूचा. हे मंदिर त्याच्यानंतर जवळजवळ १८०० वर्षांनी झाले.

‘इथे साम्राज्याची परीक्षा होत असे’ हेही खरे नाही. राजधानीतली परीक्षा शहराच्या पूर्व भागातल्या ‘गोंगयुआन’ या परीक्षा-नगरात होई. तिथे उमेदवार एकेका कोठडीत बसून तीन-तीन दिवसांच्या तीन फेऱ्या देत. अंतिम परीक्षा राजवाड्यात होई, आणि १७८९ पासून ती बाओहे दालनात होऊ लागली. निषिद्ध नगरीच्या तीन भव्य दालनांपैकी सर्वांत मागचे ते हेच. आपला प्रत्येक गट त्याच्यासमोरून जातो! तिथेच सांगा की इथे प्रश्न मिळाला, संध्याकाळच्या आत उत्तर संपवले, त्याच तिघांतल्या सर्वांत पुढच्या थायहे दालनासमोर निकाल पुकारला गेला आणि पहिले तिघे दक्षिणेच्या महाद्वाराच्या मधल्या कमानीतून बाहेर पडले. ती कमान एरवी बादशहाची. मग दुसऱ्या दिवशी त्याच माणसांची नावे शिळेवर दाखवा. एका वाक्यात दोन ठिकाणे जोडली जातात, आणि त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

‘आत कन्फ्यूशियसची मूर्ती आहे, दर्शन घ्या’ असे सांगून लोकांना दाच्छंग या मंदिराच्या मुख्य दालनात सोडले जाते. आत मूर्ती नाही. १५३० मध्ये बादशाही हुकमाने या मंदिरांतल्या मूर्ती काढून त्यांच्या जागी नाव लिहिलेल्या लाकडी पाट्या बसवल्या, कारण गुरूला स्मरायचे ते नावाने, देवासारखी मूर्ती करून नव्हे, असे ठरले. दालनात मध्ये कन्फ्यूशियसची पाटी आहे आणि दोन बाजूंना चार प्रमुख अनुयायांच्या : यान ह्वेइ, त्संगत्स, त्सस आणि मेन्शियस. अंगणात जो पांढरा पुतळा आहे तो अलीकडचा आहे. फोटो काढायला हरकत नाही, पण तो प्राचीन म्हणून दाखवू नका. ‘देऊळ’ या शब्दानेच आपल्याकडे गैरसमज सुरू होतो. इथे नवस नाही, प्रसाद नाही. वसंतात आणि शरदात राजाच्या वतीने गुरूला अर्पण करायचे, वाद्ये आणि ओळीने नृत्य करायचे, हा इथला मुख्य विधी. पितरांना पान वाढण्याची कल्पना मराठी माणसाला माहीत आहे. तिच्या अंगाने समजावले तर पटकन कळेल.

छपराकडेही लक्ष वेधा. पिवळी कौले बादशाही इमारतींचा मान. तो या मंदिराला १७३७ मध्ये मिळाला. १९०६ मध्ये इथल्या पूजेचा दर्जा सर्वोच्च केला गेला, आणि त्यानुसार दालन सात खणांचे नऊ खणांचे करायला घेतले. ते काम संपले १९१६ मध्ये. तोवर परीक्षा बंद झाल्या होत्या, विद्यापीठ मिटले होते आणि बादशाहीही गेली होती.

विद्यापीठाच्या आवाराबद्दल तर काहीच सांगितले जात नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. झिलई दिलेल्या पिवळ्या-हिरव्या कौलांच्या त्रिकमानी दरवाज्यातून आत गेले की समोर गोल तळे, तळ्याच्या मधोमध चौकोनी सभागृह आणि त्यावर चारही बाजूंनी वर निमुळते होत गेलेले, सोनेरी कळसाचे दुहेरी छप्पर. हेच ‘बीयोंग’. प्राचीन काळी राजाच्या शाळेभोवती पाणी असे, मधोमध भोक असलेल्या गोल जेड-चकतीसारखे. ग्रंथांत वर्णन होते, पण बीजिंगमध्ये तशी वास्तू नव्हती. ती छ्येनलोंगने १७८४ मध्ये पुरी करून घेतली आणि १७८५ मध्ये तिथे बसून स्वतः व्याख्यान दिले. चार दिशांना चार पूल आहेत. आत पाहताना खांब शोधायला सांगा. मध्ये नाहीत. कोपऱ्यांवरून आडव्या तुळया टाकून छपराचा भार बाहेरच्या खांबांवर वळवला आहे, म्हणून मधली जागा मोकळी राहिली. आपल्याकडे वाड्याच्या दिवाणखान्यात खांब कुठे येतो यावरून किती डोकेफोड होते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही करामत लगेच कळते.

मागचे यीलुन दालन म्हणजे ग्रंथालय आणि मुख्य सभागृह. बीयोंग होण्याआधी बादशहा व्याख्यान द्यायचा तो इथे. दोन बाजूंना सहा वर्ग आहेत, आणि मिंग काळात ते पायरीने चढायचे असत : खालचे तीन वर्ग दीड वर्ष, मधले दोन दीड वर्ष, मग सर्वांत वरचा एक. त्या वरच्या वर्गात दर महिन्याला परीक्षा. उत्तर पूर्ण चांगले तर १ गुण, निम्मे बरे तर अर्धा, नाहीतर शून्य. वर्षभरात ८ गुण जमले की उत्तीर्ण. आपल्या सहलीत शिक्षक असतात, दहावी-बारावीचे पालक असतात. त्यांना ही गुणपद्धत सांगून पाहा. इथे र्युक्यू बेटांचे (ती आज जपानमध्ये आहेत) आणि रशियाचे विद्यार्थीही शिकले. विद्यापीठाच्या प्रमुखाच्या पदाला ‘जीज्यू’ म्हणत. शब्दशः अर्थ ‘मद्य अर्पण करणारा’, कारण जुन्या रीतीप्रमाणे अर्पणाचा मान सर्वांत ज्येष्ठाचा. १९०५ मध्ये हे सगळे बंद झाले. पुढे कित्येक दशके याच आवारात बीजिंगचे राजधानी ग्रंथालय होते, आणि २००८ पासून दोन्ही आवारे एका संग्रहालयाखाली आहेत.

तिसरी तक्रार वागण्याची. शिळा चुनखडीच्या जातीच्या दगडाच्या आहेत. असा दगड आम्लाने विरतो आणि हाताच्या घामा-तेलाने त्यावर काळपट थर धरतो. त्या थरात धूळ बसते आणि उथळ अक्षर आणखी बुजते. शतकानुशतके पाऊस, धूर आणि थंडी सोसून जे उरले आहे, ते हात फिरवून संपवायचे नाही. शिळेला टेकून फोटो, बोटाने अक्षर गिरवणे, कासवाच्या आकाराच्या बैठकीवर मूल बसवणे, यातले काहीही चालवून घेऊ नका. अक्षर स्पष्ट दिसावे म्हणून पाणी शिंपडणे किंवा खडू घासणे तर अजिबात नको. ओल दगडात शिरते, आतले क्षार बाहेर येतात आणि पापुद्रे सुटतात. अक्षर पाहायचेच असेल तर मोबाइलचा दिवा बाजूने, तिरपा धरा. आणि बीयोंगच्या तळ्यात नाणी टाकू देऊ नका.

आता मागण्या. त्या कठीण नाहीत.

बीजिंगच्या कार्यक्रमात ‘कन्फ्यूशियस मंदिर आणि ग्वोत्सज्येन’ ही ओळ आत जाऊन पाहण्याचे ठिकाण म्हणून छापा, ‘बाहेरून फोटो’ म्हणून नको. दोन्हींचे तिकीट एकच आहे आणि आतून एका दाराने दोन्ही जोडलेली आहेत. संग्रहालय सोमवारी बंद असते. बीजिंगचा पहिला दिवस सोमवार असेल तर त्या दिवशी भिंत ठेवा आणि हे मंगळवारनंतर घ्या. आरक्षणाचे आणि पासपोर्टचे नियम मधूनमधून बदलतात, ते निघण्याच्या आधीच्या आठवड्यात तपासा.

लामा मंदिर आणि हे आवार एकाच सकाळी घ्या. मोठी बस गल्लीत आणू नका. ती अरुंद आहे आणि लोकांची घरे तिथे आहेत. लामा मंदिरासमोरच्या योंगहगोंग रस्त्यावर उतरा आणि चालत जा. चालताना मंदिराच्या दाराबाहेरचा ‘इथे घोड्यावरून उतरा’ हा दगड दाखवा. त्यावर मांचू, चिनी, मंगोल, तिबेटी यांसह सहा लिपींत एकच आज्ञा आहे. ते साम्राज्य किती भाषांचे होते हे त्या एका दगडावर दिसते. मंदिराला एक तास द्या, त्यातला निम्मा शिळांना. मधल्या ग्रंथ-शिळांना वीस मिनिटे, विद्यापीठाला पाऊण तास. चाळीस जणांचा गट असेल तर दोन भाग करा, कारण शिळांच्या रांगांमध्ये एका वेळी पंधरा-वीस माणसेच ऐकू शकतात. वयस्कर मंडळींसाठी मध्ये बसायला वेळ ठेवा. उंबरे उंच आहेत, संधिवाताच्या माणसाला हात द्यावा लागतो.

सहलीबरोबर जाणाऱ्या आपल्या माणसाला या जागेची तयारी निघण्याआधी करून द्या. स्थानिक गाइड हिंदीत किंवा इंग्रजीत जे सांगेल ते तसेच पुढे सांगणे म्हणजे तयारी नव्हे. गाइड सायप्रसच्या झाडाची गोष्ट हमखास सांगतो. झाडाच्या फांदीने एका भ्रष्ट मंत्र्याची टोपी उडवली म्हणतात. गोष्ट सांगा, पण दंतकथा म्हणून सांगा, आणि सगळा वेळ त्या झाडाखाली घालवू नका.

प्रवाशांच्या हाती मराठी पानपत्र द्या. आम्ही ते लिहून देऊ, मोबदला न घेता : दोन्ही आवारांचा नकाशा, शिळा वाचण्याच्या खुणा, लिन त्सशू आणि शू ग्वांगछी यांच्या नावांची चिनी अक्षरे मोठ्या आकारात, आणि काय करू नये याची यादी. छापण्याचा खर्च आपला. मजकुरात आमचे किंवा आपले नाव मोठे नको. पुढच्या मोसमाची पत्रके छापायला जाण्याआधी कळवा, म्हणजे मजकूर वेळेत हाती येईल.

आपले,
चिनी भाषा शिकणारे, शिकवणारे आणि दुभाष्याचे काम करणारे काही मराठी भाषक